नोकरी सोडून पूर्णवेळ प्रवासलेखन, तेही कोकणातल्या आडबाजूच्या गावांवर... कोणी करतंय का?

तिठ्यावरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस टाकू की नको करत होते, आज टाकतेच. मी रत्नागिरीत असते, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, पगार वेळेवर होतो, बाकी सांगण्यासारखं काही नाही. सुट्टी मिळाली की स्कूटी काढायची आणि निघायचं हा नाद कॉलेजपासूनचा आणि निघायचं म्हणजे गणपतीपुळे, आरे-वारे असले गर्दीचे किनारे नाही, तर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या वाड्या, खाडीकाठची देवळं, दिवसातून एकदाच एसटी जाते असली गावं. आल्यावर लिहिते. फेसबुकवर लिहिलेलं बऱ्यापैकी फिरतं, पेपरच्या पुरवणीत अधूनमधून छापून आलंय, मागच्या वर्षी एका दिवाळी अंकानेही मागून घेतलं.

आता डोक्यात घोळतंय की हेच पूर्णवेळ करावं. घरी विषय काढला तर आई म्हणाली फिरण्याचे पैसे कोण देतं गं, आणि खरं सांगायचं तर मलाही उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारतेय, मराठीत लिहून यावर घर चालतं का, की इंग्रजीतच लिहायला लागतं, की सगळे शेवटी यूट्यूबवरच जातात? दुसरं म्हणजे कोकणात आता कमी माहीत असलेलं असं काही उरलंय का, कारण मी जिथे जाते तिथे माझ्याआधी कोणाचा तरी ड्रोन येऊन गेलेला असतो. आणि तिसरी भीती, मी लिहिलं आणि उद्या तिथेच गर्दी झाली तर? आरे-वारेचं काय झालंय ते रोज बघतेच आहे.

मुंबई-पुण्याला जायचं नाहीये, इथेच राहून करायचंय. डोक्यावर कर्ज नाही, पण साठवलेलंही फार नाही. कोणी या वाटेने गेलं असेल तर खरं खरं सांगा, उगाच स्वप्नांच्या मागे धाव वगैरे नको.

रत्नांग्रीकर_बाबल्या

आता वाचतं कोण ताई. रील बनवा, मागे ते बासरीचं म्युझिक टाका, झालं.

भरतीओहोटी

बाबल्या, तू वाचतोस ना इथे रोज रात्री, मग.

तिठ्यावरची, जागांवर बाकीचे बोलतीलच, मी आधी पैशाचं बोलतो, कारण मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि नवीन मुलांना हे कोणी सांगत नाही. नुसत्या प्रवासलेखांवर मराठीत घर चालत नाही. चालतं असं सांगणारा भेटला तर त्याच्या बायकोला नोकरी आहे का ते विचारून घ्या, माझ्याकडे तसंच आहे आणि मला ते सांगायला लाज नाही. पुरवणीतल्या लेखाचं मानधन म्हणजे घाटातली मोबाईलची रेंज, आली तर आली. दिवाळी अंकाचे पैसे दिवाळीत येतात असं ज्याला वाटतं त्याने अजून दिवाळी अंकात लिहिलेलं नाही, संक्रांतीपर्यंत आले तरी नशीब समजायचं.

मग मी जगतो कशावर तर लेखाच्या आजूबाजूच्या कामांवर. होमस्टेवाल्यांच्या वेबसाइटचा मजकूर, मराठी-इंग्रजी भाषांतर, यूट्यूबवाल्यांना स्क्रिप्ट, आणि ऑक्टोबर ते मे छोटे ग्रुप घेऊन फिरवणं. या सगळ्यात जास्त पैसे फिरवण्यात आहेत आणि ते काम मला मिळतं ते मात्र लेखांमुळे, म्हणजे लेख हा माझा पगार नाही, माझी ओळख आहे. इंग्रजी मासिकं आणि पोर्टल मराठीपेक्षा बरे पैसे देतात, पण तिथे लेख लिहून पाठवायचा नसतो, आधी विषय चार ओळीत कळवायचा, हो आलं की लिहायचं, आणि दहा मेलला एक उत्तर येईल असं धरूनच चालायचं. जमत असेल तर दोन्ही भाषा ठेवा, एकच साहित्य दोन वेगळ्या वाचकांसाठी दोन वेगळ्या तऱ्हेने लिहिता येतं.

कॅलेंडर समजून घ्या, यात भलेभले आपटतात. पावसाळ्यावरचा लेख संपादकाला मेमध्येच हवा असतो, जुलैमध्ये भिजून येऊन लिहिलात तर तो पुढच्या वर्षीचा झाला. त्यामुळे या वर्षीच्या पावसात फिरायचं, फोटो काढायचे, वही भरायची, आणि विकायचं पुढच्या उन्हाळ्यात. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, दसऱ्याला विचाराल तर अंक छपाईला गेलेला असतो. कोकणात जून ते सप्टेंबर फिरवण्याचं काम जवळजवळ बंद, त्या चार महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला असेल तरच राजीनामा लिहा, नाहीतर गणपती आले की उसनवारी सुरू होते.

तुम्ही अकाउंट्सवाल्या, तुम्हाला टीडीएस शिकवायला नको, पण दहा टक्के कापलेला दिसला की तो आयकर खात्याकडे आपल्या नावावर जमा झालाय का ते बघत जा, कापतात आणि भरायचं विसरतात अशीही मंडळी आहेत. आणि हक्काचं. छापणारा लेखाचे सगळे हक्क आमचे असं म्हणाला तर लेखी मागा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, आणि त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे माहीत असलं की उद्या त्याच लेखांचं पुस्तक करताना कोणाच्या पाया पडावं लागत नाही. आणि नोकरी सोडायच्या आधी आरोग्य विमा स्वतःच्या नावावर काढून ठेवा, कंपनीचा कंपनीबरोबर जातो.

माझं म्हणणं, राजीनामा आत्ता नको. आठवड्यातले तीन दिवस अकाउंट्स असं कोणी घेतंय का बघा. रत्नागिरीत हिशेब लिहायला माणूस मिळत नाही म्हणून दुकानदार रडत असतात.

आडगावचा_मांगर

मी देवगड तालुक्यातला, होमस्टे आहे, आमराई आहे, त्यामुळे माझी बाजू दुसरी. ताईच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो.

आमच्याकडे लोक आले तर पाहिजेत, खोटं कशाला बोलू. मुलगा मुंबईहून परत आला तो याच धंद्याच्या भरवशावर. पण गाव किती माणूस झेलू शकतं ते गाववाल्याला माहीत असतं, लिहिणाऱ्याला नसतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या वाडीत विहीर तळाला जाते, त्याच महिन्यात पाव्हणा येतो आणि दोन वेळा आंघोळ करतो, दोष त्याचा नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. लिहिणाऱ्याने ते लिहावं. कुठे काय खायचं एवढंच लिहितात, पाणी कुठून येतं, कचरा कुठे जातो हे कोणी लिहीत नाही. आमच्याकडे कचऱ्याची गाडी येत नाही, पाव्हण्याच्या बाटल्या मीच गोणीत भरून देवगडला नेतो.

कातळशिल्पांचं बघा. २०२२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नाव गेलं, रत्नागिरीतली कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी, आमच्या सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमाळ. नावं आली तशा गाड्या आल्या. आता ही चित्रं कशात कोरलीत तर जांभ्यात, आणि ती आहेत उघड्या सड्यावर, पुष्कळ ठिकाणी जमीन खासगी आहे. लोक बूट घालून वर चढून झोपून फोटो काढतात, रेषा नीट दिसाव्यात म्हणून खडूने रंगवतात, दगड लावतात. एकीकडे चिरेखाणी सडा खातायत आणि दुसरीकडे हे. जिथे गावातल्या पोरांनी कडेने दगडाचा गडगा घातला, पाटी लावली, दाखवायला माणूस उभा केला तिथे बरं चाललंय. तेव्हा लिहायचं तर अशा ठिकाणचं लिहा, आणि जिथे अजून कोणी उभा नाही तिथलं लोकेशन टाकू नका, नुसतं तालुक्याचं नाव पुरे. ज्याला खरंच यायचंय तो गावात विचारत येतो, विचारत आला की गावाला कळतं कोण आलंय.

चांगलं कसं होतं त्यासाठी वेळास बघून या, मंडणगड तालुक्यात. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं, मग महोत्सव आला, पण उतरायची सोय गावातल्या घरांमध्येच झाली, जेवण घरचं, पैसा घरात. पिल्लं समुद्रात सोडायची वेळ सकाळ-संध्याकाळची ठरलेली, दोरी लावलेली, फ्लॅश बंद. अंडी आधी पळवून विकली जायची, आता तीच माणसं राखण करतात. गर्दी झालीच नाही असं नाही, पण गर्दी यायच्या आधी गावाने नियम ठरवले होते हा फरक.

आणि देवाचं तेवढं जपा. शिमग्यात पालखी नाचते तिचे फोटो काढा, कोणी नाही म्हणत नाही, पण काही ठिकाणी गाभाऱ्यात आणि देवराईत कॅमेरा चालत नाही, मानकऱ्याला नाहीतर गुरवाला आधी विचारायचं. गावपळणीला आचऱ्याची माणसं तीन दिवस गाव सोडून वेशीबाहेर राहतात, तेव्हा रिकामं गाव कसं दिसतं ते शूट करायला आत घुसणारे पण असतात. त्यांना काय बोलावं. लिवा, पण आमका इचारून लिवा, इतक्याच.

हां, आणि फुकट राहायला मागू नका. फॉलोअर सांगून दोन रात्री आणि सुरमई मागणारे आमच्याकडे दर मोसमात येतात. एकदा दिलं की तो चांगलंच लिहिणार, मग त्याच्या चांगल्याला किंमत काय.

भरतीओहोटी

मांगरभाऊ, शेवटच्या मुद्द्याला जोड. फुकट किंवा सवलतीत राहिलात तर ते लेखात आणि व्हिडिओत स्पष्ट लिहायचं असतं. जाहिरात क्षेत्राच्या अॅस्की या संस्थेने २०२१ मध्येच त्याचे नियम काढलेत. मी सवलत घेतो कधीकधी, लपवत नाही, आणि जिथे राहिलो त्या जागेवर स्वतंत्र लेख करत नाही. प्रत्येकाने आपली रेघ आपण मारायची.

कंदिलाखाली

मी पुरवणीचं काम पाहायचो, आता सुटलो. रोज प्रवासाचे लेख यायचे आणि त्यातले बरेचसे एकाच लेखाची पिल्लं असायची. अथांग सागर, रुपेरी वाळू, माडांच्या राया, आणि शेवटी एकदा तरी भेट द्यायलाच हवी. गावाचं नाव बदललं तरी लेख तसाच राहायचा. दापोली म्हणजे मिनी महाबळेश्वर, कुणकेश्वर म्हणजे दक्षिण काशी, अरे त्या गावांना त्यांचं स्वतःचं काही आहे की नाही.

तुम्ही हिशेबातल्या आहात, हा तुमचा मोठा फायदा आहे, पडताळून बघायची सवय असेल. मी उदाहरण देतो. विजयदुर्गावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात असतं की लॉकियर साहेबाने इथे दुर्बीण लावून हेलियम शोधला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण खरं, त्याचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूरकडे गेला हेही खरं. पण ते ग्रहण बघणारा जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ होता गुंटूरला, आणि नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होता, त्याने सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा, जिच्यावरून हेलियम कळला, ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, तिकडे बसून पाहिली. मग किल्ल्यावर साहेबाचे ओटे म्हणून दाखवतात ते कोणाचे, ही कथा गावात कधी आणि कशी आली, दर वर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस होतो त्यात जमणारी मंडळी काय सांगतात, हा खरा लेख आहे. तो लिहायला आधीचे दहा लेख बाजूला ठेवून जुने कागद चाळावे लागतील, आणि गावातल्या माणसाला खोटं न पाडता लिहावं लागेल, ते जास्त अवघड.

उरलंय का काही, या प्रश्नावर. जागा म्हणून बघाल तर नाही उरलं, गुगल मॅपवर सगळं आहे. विषय म्हणून बघाल तर जन्म पुरणार नाही. कोर्लईला सगळे किल्ला आणि दीपगृह बघून परततात, खालच्या गावात पोर्तुगीजमधून तयार झालेली भाषा आजही घराघरात बोलतात, तिकडे कोण थांबतं. रेवदंडा-अलिबागची सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली म्हटले गेलेले बेने इस्रायली ज्यू, त्यांची घरं आता कोण राखतंय. दापोलीजवळ पन्हाळेकाजीला नदीकाठी २९ लेणी आहेत आणि दापोलीला आलेली गाडी मुरुड-कर्दे करून परत. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर मंडळींची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, आणि कळसूत्री बाहुल्या आहेत, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ चं पद्मश्री मिळालं तेव्हा आठवडाभर सगळ्यांनी लिहिलं, नंतर सामसूम.

माझा सल्ला विचाराल तर सगळं कोकण घेऊ नका. एक तुकडा धरा आणि त्यावर इतकं काम करा की त्याबद्दल काही विचारायचं झालं तर माणूस तुम्हालाच फोन करेल. तुम्हाला रत्नागिरीहून जवळ म्हणून सांगतो, मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड, तिथून दक्षिणेला वाघोटण खाडीपर्यंत. यात काय नाही? कशेळीला एकाच गावात कनकादित्याचं मंदिर, त्याचा शिलाहारकालीन ताम्रपट, आणि सड्यावर जवळपास अठरा मीटर लांबीचा कातळातला हत्ती, लोक मात्र देवघळीचा सूर्यास्त बघून निघतात. आडिवऱ्याची महाकाली, आंबोळगड, नाट्याचा यशवंतगड. आत गेलात की अर्जुना नदीवरचं राजापूर. एवढ्या आत असून ते बंदर होतं, इंग्रजांची वखार होती, आणि १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात त्या वखारीतले इंग्रज सिद्दी जौहरला तोफा डागायला मदत करून आले म्हणून महाराजांनी १६६१ मध्ये राजापूर गाठून वखारीचा हिशेब चुकता केला. आज त्याच नदीत गाळ इतका की पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी शिरतं. गलबतं यायची ती नदी आणि दुकानात शिरते ती नदी, एकच अर्जुना, हे कोणी सलग लिहिलंय असं माझ्या टेबलावर तरी कधी आलं नाही.

देवाचे गोठण्याला शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, हे रीलमध्ये येऊन गेलंय. पण बारसूच्या सड्यावर चित्रं बघायला जाऊन २०२३ च्या रिफायनरीविरोधी आंदोलनाबद्दल एक ओळ न लिहिता परत येणं मला जमलं नसतं. कोणाच्या बाजूने लिहा असं म्हणत नाही. पण त्या सड्यावर बायका उन्हात झोपून राहिल्या होत्या, तो सडा नुसता निसर्गरम्य कसा लिहाल. पर्यटनाच्या लेखात राजकारण नको म्हणणारे संपादक भेटतील, मीही त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसायचो.

फाटकासमोरचा

कंदिलाखाली यांच्याशी सहमत, फक्त स्कूटी सोडा म्हणतो. एसटीने जा आणि शक्यतो वस्तीच्या गाडीने. संध्याकाळी डेपोतून सुटते, शेवटच्या गावात रात्रीला थांबते, पहाटे परत. ड्रायव्हर-कंडक्टर जिथे झोपतात त्या शाळेच्या पडवीत नाहीतर देवळात गावातली माणसं गप्पा मारायला येतात. तुम्ही बाईमाणूस, तुम्ही आधी कोणाच्या घरी सोय करून ठेवा, पण गाडी तीच पकडा. गाडीतच निम्मा लेख होतो, बाजाराहून येणाऱ्या बायका सगळ्या गावाची बातमी सांगतात. महिलांना तिकीट अर्धं आहे २०२३ पासून. लांबचं करायचं असेल तर आवडेल तेथे प्रवासचा पास, चार दिवसांचा नाहीतर सात दिवसांचा, तोही चांगला पडतो. आणि वस्तीच्या गाड्या कमी होत चालल्यात, त्यावरच एक मालिका होईल.

दुसरं, फेरीबोटी. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या मोठ्या खाड्यांवर पूल व्हायचेत. एकदा झाले की बोटीवर गाडी चढवताना हात दाखवणारा माणूस, धक्क्यावरची भज्यांची टपरी, बोट चुकली म्हणून तासभर होणाऱ्या ओळखी, सगळं इतिहासजमा. पूल नकोत असं नाही हां, पलीकडच्या गावातला पेशंट रात्री बोट नसली की काय करतो ते त्यांनाच विचारा. पण आता लिहून ठेवा. आत्ता लिहिलेलं दहा वर्षांनी सोन्याच्या भावाने जाईल.

कोकण रेल्वेनेही हेच केलं होतं. १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला, तेव्हा घाटातले थांबे, रात्रीची एसटी जेवायला थांबायची ती हॉटेलं यावर लिहून ठेवणारा कोणी असता तर आज किती मजा आली असती. निवसर, आडवली, विलवडे असल्या स्टेशनांना एक्स्प्रेसवाला खिडकीतून बघतो आणि पुढे जातो. पॅसेंजरने जाऊन उतरा तिथे एकदा.

रत्नांग्रीकर_बाबल्या

एवढं सगळं वाचून मलाच नोकरी सोडावीशी वाटायला लागली, पण मला नोकरीच नाही. ताई, रील माझ्याकडे द्या, लिहा तुम्ही.

सातवीणीचा_सडा

थोडं वेगळं. मी वनस्पतींसाठी फिरतो. लिहिणारे लोक सड्याला ओसाड, नापीक लिहितात आणि मला वैताग येतो. ऑगस्टच्या शेवटी या, त्याच कातळावर सीतेची आसवं ही फुलं निळीजांभळी पसरलेली असतात, तेरडा, मधेमधे गवतात लपलेली कंदीलपुष्पं, डबक्यात बेडकांची पिल्लं. नोव्हेंबरला सगळं पिवळं, मेमध्ये चटके. एकाच सड्याला वर्षभर जात राहिलात तर चार वेगळ्या जागा बघितल्या असं होईल आणि त्यासाठी पेट्रोलही कमी लागेल. मी तर म्हणतो नवीन जागा शोधायचा हट्टच सोडा, जुनीकडे चुकीच्या महिन्यात जा. फुलांचं नेमकं ठिकाण मात्र लिहू नका, कंद उपटून नेणारे वाचतात.

तिठ्यावरची

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. रात्री आईला वाचून दाखवलं, तिला वस्तीच्या गाडीचं फार पटलं, ती म्हणाली आमच्या लग्नात वऱ्हाड असंच आलं होतं, आणि भरतीओहोटी यांचं बायकोच्या नोकरीचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं.

तर राजीनामा आत्ता देत नाही. साहेबांना महिन्याचे अर्धे दिवस मागून बघते, नाही म्हणाले तर दोन दुकानांचे हिशेब घरून करता येतील असं दिसतंय. पूर्णगड ते वाघोटण हे मनात बसलंय, कारण राजापूर माझं आजोळ आहे आणि मी आजवर तिथे फक्त लग्नांना गेलेय, आपल्याच आजोळावर लिहावं असं कधी डोक्यातच आलं नाही. सुरुवात अर्जुनेपासून करणार, उगमाकडून खाली, पूर येतो त्या दिवसांत चौकातल्या दुकानदारांकडे आणि उन्हाळ्यात गाळ काढतात तेव्हा नदीत. बाबल्या, रीलचं बघू, आधी तुला पोहता येतं का सांग.

दोन गोष्टी अजून विचारते. भरतीओहोटी, ते हक्कांचं संपादकाला कसं लिहायचं, म्हणजे नवीन माणसाने असं विचारलं तर आगाऊ नाही का वाटणार? आणि मांगरदादा, सोय नसलेल्या गावाबद्दल लिहायचंच नाही का मग? अशीच गावं मला आवडतात.

भरतीओहोटी

आगाऊ वाटत नाही, उलट धंद्यातला माणूस आहे असं कळतं. मी साधारण असं लिहितो, उचलून घ्या. "लेख सोबत जोडला आहे. आपल्या अंकात एकदा छापण्यासाठी व आपल्या वेबसाइटवर ठेवण्यासाठी माझी संमती आहे, बाकी हक्क माझ्याकडे राहतील. छायाचित्रं माझी आहेत, नावासह वापरावीत. मानधन किती व केव्हा हे कृपया कळवावं, बँकेचा तपशील व पॅन खाली दिला आहे." बस. मेलवर हो आलं की झालं, फोनवर झालेलं बोलणंही नंतर दोन ओळीत मेल करून ठेवायचं. मानधन विचारल्यावर जो गप्प होतो तो नंतरही गप्पच राहतो, तिथे लेख पाठवू नका. एक-दोघं गप्प होतीलच.

आडगावचा_मांगर

लिहा की ताई, का नाही. पण छापायच्या आधी लेख गावात कोणाला तरी वाचून दाखवा. आमच्यावर एकाने लिहिलं होतं त्यात माझ्या चुलत्याची जागा देवस्थानची म्हणून आली, सहा महिने घरात भांडण. वाचून दाखवलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. आणि गावातल्या चार घरांना विचारा, लोक आले तर जेवण घालाल का, घालणार असतील तर त्यांचा नंबर लेखाखाली टाकायला त्यांचीच परवानगी घ्या, नसतील घालणार तर गावाचं नाव न टाकता लिहा. वाघोटणपर्यंत पोचलात की खाडी ओलांडून इकडे या, चतुर्थीत येऊ नका मात्र, घरात पाय ठेवायला जागा नसते. जेवणाचे पैसे घेणार.